मूठभर राखेची भाऊबंदकी

राखेचे आम्हां मराठी माणसांना ठाऊक असलेले उपयोग मोजकेच. भांडी घासायला राख, दात घासायला राखुंडी, धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत राख, आणि अखेरीला स्वतःची राख, ती नाशिकला किंवा फारच पुण्य गाठीला असलं तर काशीला. राखेवरून कुणी कोर्टात गेल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. लोक बांधावरून जातात, विहिरीवरून जातात. आमच्या कोकणात तर फणसाच्या एका झाडावरून तीन पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आहेत आणि वकिलांनी फणस खाल्लेले आहेत. पण इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया ही दोन सुशिक्षित राष्ट्रं जेमतेम चार इंच उंचीच्या एका मातीच्या कलशातल्या राखेसाठी एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळ भांडत आली आहेत. कलशात नेमकी कसली राख आहे हे दोघांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ती कुणीही जिंकली तरी कलश लॉर्ड्सच्या संग्रहालयातून सहसा हलत नाही. ज्या वस्तूचा ताबाच मिळायचा नाही तिच्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडायचं, हे फक्त भाऊबंदच करू जाणे.

आणि ते भाऊबंदच आहेत. थोरल्या घराने १७८७ पासून ज्यांना गलबतात घालून जगाच्या दुसऱ्या टोकाला धाडलं, त्या कैद्यांनी आणि त्यांच्या मागोमाग गेलेल्या बिनकैद्यांनी तिकडे दुसरं घर मांडलं. आडनावं तीच, देव तोच, राणी तीच. १८७७ च्या मार्चमध्ये मेलबर्नला पहिला कसोटी सामना झाला आणि धाकट्या घराने तो ४५ धावांनी जिंकला. त्यात ऑस्ट्रेलियाकडून १६५ धावा काढणारा चार्ल्स बॅनरमन हा जन्माने इंग्लिश! म्हणजे पहिल्याच सामन्यात इंग्लंडला इंग्लंडच्याच माणसाने झोडपलं.

त्याच संघातला बिली मिडविंटर हा तर दत्तक गेलेल्या मुलासारखा दोन्ही घरचा. जन्म इंग्लंडचा, वाढला ऑस्ट्रेलियात. १८७८ साली ऑस्ट्रेलियन पाहुण्यांकडून खेळायला म्हणून तो लॉर्ड्सवर आला होता. तेवढ्यात डॉक्टर डब्ल्यू. जी. ग्रेस आले. छातीभर दाढी आणि दरवाजाएवढी शरीरयष्टी. 'हा आमच्या ग्लॉस्टरशायरचा खेळाडू आहे,' असं म्हणून त्यांनी त्याला उचलला, घोडागाडीत घातला आणि लंडनच्या पलीकडच्या बाजूला ओव्हल मैदानावर नेऊन उभा केला. ऑस्ट्रेलियन मंडळी दुसऱ्या गाडीतून पाठलागावर! ओव्हलच्या फाटकाशी जे शब्द बोलले गेले ते सभ्य गृहस्थांच्या खेळाचे नव्हते. मिडविंटर पुढे इंग्लंडकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळला, मग पुन्हा ऑस्ट्रेलियाकडून इंग्लंडविरुद्ध. दोन्हीकडच्या पंगतीत जेवून दोन्हीकडे नावं ठेवून घेणारा असा एक माणूस प्रत्येक खानदानात असतोच.

आता मूळ दाव्याकडे येतो. तारखा २८ आणि २९ ऑगस्ट १८८२, ठिकाण तेच ओव्हल. ऑस्ट्रेलिया पहिल्या डावात ६३, इंग्लंड १०१. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मर्डॉक आणि सॅमी जोन्स नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा खेळत होते. मर्डॉकने चेंडू टोलवला, दोघांनी एक धाव काढली, चेंडू परत आला. आता काम झालं असं समजून जोन्स क्रीझबाहेर आला आणि खेळपट्टीवरचा एक उंचवटा बॅटने थोपटू लागला. सारवलेल्या अंगणात पोपडा दिसला की घरची बाई जाता जाता जसा तळव्याने दाबते ना, तसा. चेंडू ग्रेस डॉक्टरांच्या हातात होता. त्यांनी शांतपणे बेल उडवली आणि अपील केलं. पंचांनी जोन्सला धावचीत दिलं.

नियमाने बघाल तर बरोबर. चेंडू 'मेला' नव्हता आणि जोन्स क्रीझबाहेर होता. पण एकवीस वर्षांचा मुलगा तुमचीच खेळपट्टी सारखी करतोय आणि तुम्ही चौतिशीचे डॉक्टर मागून त्याची विकेट काढताय! ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज स्पॉफर्थ भडकला. 'सैतान' हे त्याचं टोपणनाव, आणि ते कौतुकाने ठेवलेलं होतं. असं सांगतात, की तो तडक इंग्लंडच्या खोलीत गेला आणि डॉक्टरांना यथेच्छ बोलून आला. इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ धावा हव्या होत्या. ५१ पर्यंत दोनच गडी बाद होते. पुढे स्पॉफर्थच्या अंगात आलं. त्याने त्या डावात ४४ धावांत ७ आणि एकूण सामन्यात ९० धावांत १४ बळी घेतले. एका प्रेक्षकाने उत्कंठेपायी आपल्या छत्रीची मूठ चावून चावून खाल्ली अशी दंतकथा आहे (या एका ठिकाणी 'दंतकथा' हा शब्द शब्दशः घ्यायला हरकत नाही). शेवटचा फलंदाज पीट आला तेव्हा दहा धावा हव्या होत्या. समोर स्टडसाहेब उभे. केंब्रिजचे, आणि त्याच मोसमात याच ऑस्ट्रेलियनांविरुद्ध दोन शतकं काढलेले. पीटने काय करावं? त्याने बॅट फिरवली आणि त्रिफळा उडवून घेतला. इंग्लंड ७७, सात धावांनी पराभव. स्टडसाहेब एकही चेंडू न खेळता नाबाद शून्य. असं का केलंस म्हणून विचारल्यावर पीट म्हणाला म्हणे, 'मला मिस्टर स्टड यांचा भरवसा वाटेना.'

पुढच्याच शनिवारी 'स्पोर्टिंग टाइम्स'मध्ये रेजिनाल्ड शर्ली ब्रुक्स नावाच्या पत्रकाराने एक मृत्युवार्ता छापली. इंग्लिश क्रिकेटचं २९ ऑगस्ट रोजी ओव्हलवर निधन झालं असून आप्तेष्ट शोकाकुल आहेत. मृतदेहाचं दहन करून राख ऑस्ट्रेलियाला नेण्यात येईल, असा मजकूर. आपल्याला यात चमत्कारिक काही वाटत नाही. माणूस गेला, जाळला, रक्षा नेली; दुसरं काय करतात? पण १८८२ च्या इंग्लंडमध्ये प्रेत जाळणं हेच मुळी अब्रह्मण्यम् होतं. तिथला पहिला अधिकृत दहनविधी वोकिंगला १८८५ साली झाला. ब्रुक्सचे वडील 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे संपादक आणि दहनाच्या चळवळीचे पुरस्कर्ते. म्हणजे पोराने एका दगडात दोन पक्षी मारले होते: क्रिकेटही जाळलं आणि वडिलांच्या चळवळीलाही हात दिला. विनोद करणाऱ्याला आपल्या विनोदाचं पुढे काय होणार हे कधी कळत नाही. तो दोन ओळी खरडून चहा प्यायला जातो आणि मागे दोन राष्ट्रं त्यातला शब्द न् शब्द खरा धरून बसतात.

कारण त्याच हिवाळ्यात इंग्लंडचा आयव्हो ब्लाय 'मी राख परत आणतो' असं जाहीर करून ऑस्ट्रेलियाला निघाला. १८८२ च्या नाताळात तो मेलबर्नजवळ सर विल्यम क्लार्क यांच्या वाड्यावर उतरला होता. घरच्या बायकांनी थट्टेथट्टेत त्याला एक अत्तराच्या कुपीएवढा कलश भेट दिला. आत जळलेली बेल आहे असं बहुतेक म्हणतात. कुणी चेंडूचं आवरण म्हणतात, तर ब्लायच्याच घराण्यातल्या एका वृद्ध सूनबाईंनी १९९८ मध्ये 'छे, तो आमच्या सासूबाईंच्या चेहऱ्यावरच्या जाळीची राख आहे' असं सांगून संशोधकांची झोप उडवली. ब्लायने तीनपैकी दोन सामने जिंकले आणि शिवाय त्याच घरात संगीत शिकवणाऱ्या फ्लॉरेन्स मॉर्फी या मुलीला जिंकलं. १८८४ मध्ये लग्न झालं. कलश पुढे चाळीसेक वर्षं त्यांच्या घरी होता. १९२७ मध्ये ब्लाय वारल्यावर बाईंनी तो एम.सी.सी.ला देऊन टाकला. तेव्हा या महायुद्धाचं मूळ कागदपत्र म्हणजे एक प्रेमपत्र आहे, हे दोन्ही पक्षांनी अधूनमधून ध्यानात घ्यायला हरकत नाही.

आमच्या चाळीत एक निवृत्त हेडक्लार्क होते. हिवाळ्यात पहाटे साडेपाचला ते रेडिओची सुई फिरवत ऑस्ट्रेलियातली कॉमेंटरी शोधायचे. खरखर ऐशी टक्के, क्रिकेट वीस टक्के. ते कट्टर इंग्लंडचे. बेचाळीस साली स्वतः चार दिवस तुरुंगात जाऊन आलेले, पण क्रिकेटच्या बाबतीत साहेबाच्या शब्दापुढे जात नसत. 'नियम त्यांनी केलेत बाबा,' असं म्हणायचे. कचेरीत कुणी आडमार्गाने बढती मिळवली की 'हे क्रिकेट नव्हे' एवढंच बोलून पान लावायला घ्यायचे. आमच्या सबंध पिढीला हे वाक्य साहेबाने दिलं, आणि आम्ही ते राखीव नोटेसारखं जपून ठेवलं. म्हणूनच जार्डीनचं प्रकरण कळलं तेव्हा आम्हांला जरा जड गेलं.

डग्लस जार्डीन जन्माने मुंबईकर. १९०० साली मलबार हिलवर जन्मला, वडील इथे बॅरिस्टर होते. (मलबार हिलवर अजून त्याचा पुतळा नाही, यातच मुंबईकरांचा समंजसपणा दिसतो.) १९३० मध्ये डॉन ब्रॅडमन नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने इंग्लंडमध्ये जाऊन एका मालिकेत ९७४ धावा केल्या. तो बाद कसा करायचा हा प्रश्न साम्राज्यापुढे उभा राहिला. जार्डीनने १९३२-३३ च्या दौऱ्यासाठी उत्तर शोधलं: आखूड टप्प्याचा अतिवेगवान चेंडू फलंदाजाच्या शरीरावर टाकायचा आणि लेगला क्षेत्ररक्षकांचं कोंडाळं करायचं. डोकं वाचवायला बॅट वर न्यावी तर झेल जातो, बॅट खाली ठेवावी तर बरगडी जाते. नियमात बसतं का? बसतं. त्या वेळच्या नियमांत याला मनाई करणारी ओळ नव्हती.

संघातल्या सगळ्यांना हे पटलं होतं असं मात्र नाही. गबी ॲलनने अशी गोलंदाजी करायला साफ नकार दिला, आणि हा ॲलन जन्माने सिडनीचा! पतौडीचे नबाब, म्हणजे आपल्या टायगरचे वडील, त्या संघात होते. सिडनीच्या पहिल्या कसोटीत त्यांनी १०२ धावा केल्या, पण लेगच्या कोंडाळ्यात उभं राहायला नाही म्हणाले. दुसऱ्या कसोटीनंतर त्यांना बसवलं. म्हणजे मुंबईचा इंग्रज अंगावर चेंडू टाकायला सांगतोय, आणि सिडनीचा इंग्रज व पतौडीचा इंग्रज नाही म्हणताहेत. कुणाच्या रक्तात काय असतं यावर व्याख्यानं देणाऱ्यांनी हा संघ एकदा नजरेखालून घालावा. जार्डीन मैदानावर अंगावरच्या माश्या हाकलू लागला, तेव्हा प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलं, 'आमच्या माश्यांना तरी सोड रे, जार्डीन!'

१९३३ च्या जानेवारीत ॲडलेडला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वूडफुल याच्या छातीवर, हृदयाच्या वर, चेंडू बसला. इंग्लंडचे व्यवस्थापक सहानुभूती दाखवायला गेले तेव्हा तो टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला, 'मैदानात दोन संघ आहेत, त्यांतला एकच क्रिकेट खेळतोय.' ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने लंडनला तार केली, की हे अखिलाडू आहे. बस्स. नोकराच्या पोराने मालकाला टेबल मॅनर्स शिकवावेत तसा तो शब्द लॉर्ड्सला झोंबला. उलट तार आली: शब्द मागे घ्या, नाहीतर दौरा गुंडाळतो. प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं, आणि अखेर ऑस्ट्रेलियाने शब्द गिळला. इंग्लंडने मालिका ४-१ अशी जिंकली. ब्रॅडमनची सरासरी छप्पनवर आली. कुणा दुसऱ्याची छप्पन झाली असती तर त्याने पेढे वाटले असते.

यात ज्याचं वाटोळं झालं तो हॅरॉल्ड लारवूड. नॉटिंगहॅमशायरच्या कोळसाखाणीतला. वयाच्या चौदाव्या वर्षी खाणीत कामाला लागलेला. त्या काळी इंग्लिश संघात दोन जाती असत: पैसे न घेता खेळणारे 'जंटलमन', आणि पोटासाठी खेळणारे व्यावसायिक. पहिल्यांना 'मिस्टर', दुसऱ्यांना नुसतं आडनाव. कित्येक मैदानांवर दारंसुद्धा वेगळी. (पीट 'मिस्टर स्टड' का म्हणाला ते आता कळेल.) मिस्टर जार्डीनने हुकूम दिला आणि लारवूडने चेंडू टाकला. त्या मालिकेत त्याने ३३ बळी घेतले. सिडनीच्या शेवटच्या कसोटीत त्याने बॅटने ९८ धावा केल्या, तेव्हा महिनाभर त्याच्या नावाने खडे फोडणारे ऑस्ट्रेलियन प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तो त्याचा शेवटचा कसोटी सामना ठरला. मायदेशी परतल्यावर साहेबांना तडजोड करायची होती, आणि तडजोडीसाठी कुणाची तरी माफी लागते. मिस्टर जार्डीनकडे कुणी माफी मागितली नाही. तो १९३३ च्या डिसेंबरात इंग्लंडचा कर्णधार म्हणूनच मुंबईला आला, जिमखान्यावर भारतातली पहिली कसोटी खेळला आणि लाला अमरनाथच्या ११८ धावा पाहून गेला. माफी मागायला सांगितलं ते लारवूडला. तो म्हणाला, 'कप्तानाने सांगितलं ते मी केलं. माफी कसली?' त्याला पुन्हा कधी संघात घेतलं नाही.

युद्धानंतर तो ब्लॅकपूलला गोळ्या-चॉकलेटचं छोटंसं दुकान चालवत होता. ज्याच्या चेंडूला अख्खा ऑस्ट्रेलिया घाबरला, तो पोरांना आण्या-दोन आण्यांच्या लिमलेटच्या गोळ्या मोजून देत होता. तिथे त्याला शोधत कोण आलं? तर ऑस्ट्रेलियाचा जॅक फिंगलटन, त्या मालिकेत अंगावर चेंडू झेललेला सलामीवीर! 'आमच्याकडे चल,' म्हणाला. आणि १९५० साली लारवूड बायको आणि पाच मुली घेऊन सिडनीला कायमचा राहायला गेला. ज्या 'ओरोंटीस' बोटीने १९३२ मध्ये संघ नेला होता, त्याच बोटीने. तिथे नोकरी केली, मुलींची लग्नं केली आणि १९९५ साली त्याच शहरात मेला. स्पॉफर्थ सैतान उलट दिशेने गेलेला होता. तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला, चहाच्या कंपनीचा संचालक झाला आणि १९२६ मध्ये तिथेच गेला. ओव्हलवर इंग्लंडची राख करणाऱ्याची माती इंग्लंडमध्ये, आणि ॲडलेडला दंगल व्हायची वेळ आणणारा सिडनीकर!

मधल्या काळात पुष्कळ घडलं. १९४८ ला ओव्हलवर ब्रॅडमनला सरासरी शंभर करायला चार धावा हव्या होत्या आणि तो दुसऱ्या चेंडूवर शून्यावर गेला. १९८१ ला लीड्सवर इंग्लंडच्या विजयाचा भाव एकास पाचशे निघाला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या लिली आणि मार्श यांनी आपल्याच संघाविरुद्ध दहा आणि पाच पौंड लावले. बोथम-विलिसने सामना फिरवला आणि दोघे हरून श्रीमंत झाले. आज हे केलं तर चौकशी आयोग बसेल. त्या वेळी लोक नुसते हसले, आणि दोघांच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणी शंका घेतली नाही.

नियम कुणाचा आणि खिलाडूपणा कुणाचा, हा मूळ दावा मात्र चालूच राहिला. फक्त वादी-प्रतिवादी अधूनमधून खुर्च्या बदलतात. २०१३ ला नॉटिंगहॅमला इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या बॅटची कड घेऊन चेंडू स्लिपमध्ये गेला. साऱ्या मैदानाने पाहिलं, पंचांना दिसलं नाही. ब्रॉड जागचा हलला नाही. ऑस्ट्रेलिया 'खिलाडूपणा!' म्हणून ओरडली, इंग्लंड म्हणालं, 'नियमात पंच ठरवतात.' ऑस्ट्रेलिया तो सामना १४ धावांनी हरली.

आणि २ जुलै २०२३. लॉर्ड्स. इंग्लंड ३७१ च्या पाठलागावर. जॉनी बेअरस्टो एका उसळत्या चेंडूखाली वाकला, आता षटक संपलं असं समजून क्रीझमधून बाहेर आला. यष्टिरक्षक ॲलेक्स केरीने चेंडू हातात येताक्षणी यष्ट्यांवर फेकला. बाद! नियमाने शंभर टक्के बाद. सॅमी जोन्सच्या विकेटला तेव्हा १४० वर्षं, दहा महिने होऊन गेले होते. आता 'हे क्रिकेट नव्हे' म्हणायची पाळी इंग्लंडची होती. ते लॉर्ड्सच्या सर्वांत सभ्य दालनात सर्वांत सभ्य सभासदांनी म्हटलं, गळ्यात एम.सी.सी.चे टाय बांधून, ऑस्ट्रेलियन खेळाडूंच्या तोंडावर, आणि इतक्या असभ्य आवाजात की क्लबला तिघांना निलंबित करावं लागलं. दोन पंतप्रधानांनी आपापल्या घराची बाजू घेतली. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार कमिन्स म्हणाला, 'बेअरस्टो स्वतः यष्टीमागे हेच करतो, याच सामन्यात पहिल्या दिवशी करून पाहिलंय.' पुढचा फलंदाज ब्रॉड. होय, तोच नॉटिंगहॅमचा. त्याने केरीला जन्मभर हेच तुझ्या नावावर राहील असं सुनावलं, आणि दर चेंडूनंतर बॅट क्रीझमध्ये टेकवून 'आत आहे हं मी' अशी वाकुली दाखवत राहिला. माझे ते हेडक्लार्क असते तर त्यांनी पान लावता लावता रेडिओ बंद केला असता. मी टीव्ही बंद केला नाही, कारण बेन स्टोक्स चिडला होता. त्याने नऊ षटकारांसह १५५ काढल्या. स्पॉफर्थच्या अंगात आलं होतं तसंच ते. फरक एवढाच, की हा हरला, ४३ धावांनी.

मालिकेचा शेवटचा सामना पुन्हा ओव्हललाच होता. ब्रॉड निवृत्त होत होता. ३१ जुलैच्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियाचे शेवटचे दोन गडी चिवटपणे उभे होते, तेव्हा त्याने यष्टीवरच्या दोन बेल्सची अदलाबदल केली आणि पुढच्याच चेंडूवर मर्फी गेला. कलशात खरोखर बेलचीच राख असेल तर ती त्या क्षणी हलली असावी. मग आयुष्यातल्या शेवटच्या चेंडूवर ब्रॉडने शेवटचा बळी घेतला, इंग्लंड ४९ धावांनी जिंकलं, मालिका २-२ झाली, आणि राख ऑस्ट्रेलियाकडेच राहिली, म्हणजे लॉर्ड्सच्या संग्रहालयात. धावफलकावरची ती शेवटची ओळ मी वहीत उतरवून ठेवली आहे: केरी, झेल बेअरस्टो, गोलंदाज ब्रॉड, २८.